मोडायच्या राहिलेल्या खुणा

या, या. सरकून बसा जरा, शेकोटीला काय एकट्यानं पाठ शेकायची असती व्हय? आन् तो मागं ताटली वाजवतोय त्याला कुणीतरी गप करा. दोन येळच्या भाकऱ्या थापून माझं हात मोडून आल्यात, आता तोंड तरी सुखानं चालू द्या. भुताची गोष्ट पायजे म्हणता? देते. पण मधीच उठून कुणी अंधारात जायचं न्हाई. जायचं असंल तर आत्ता जाऊन या, दोघं दोघं. न्हाई? बघा हं. मागनं म्हणू नका आज्जीनं सांगितलं न्हवतं म्हणून.

तर ऐका. बावीस वर्सं झाली. ह्याच माळावर, ह्याच म्हसोबाच्या देवळामागं असाच स्काऊटचा तळ पडला व्हता. असंच तंबू, अशीच शेकोटी, आन् चुलीम्होरं मीच. जेवणं झाली, पोरं झोपली, आन् त्या तळावरनं एक माणूस गुपचूप रानात निघाला. एकटाच. हातात एक बॅटरी. आन् ती बॅटरी माझी, म्हणून मला ह्यातलं सगळं ठावं हाय.

कोण माणूस? अनंता शिंपी! अनंता बोंगाळे. तुमच्या अंगावरचं हे खाकी कुणाच्या मशीनवरचं हाय? त्याच्याच. गल्ल्यावर बसून चष्म्यावरनं बघतोय, तोच तो. तवा चाळिशीतला व्हता, केस काळं व्हतं.

ह्या अनंताला ल्हानपणापासनं एकच येड. स्काऊटमधी जायाचं. शाळेत पोरं खाकी घालून, गळ्यात स्कार्फ बांधून कवायत करायची, आन् हा कुंपणाच्या बाहेर उभा. गणवेश न्हवता त्याला. आता म्हणाल, शिंप्याच्या पोराला गणवेश न्हाई? त्यानं बी बापाला हेच विचारलं. तर बाप म्हणाला, "शिंप्याच्या घरात कापड असतंय, पण ते लोकांचं असतंय." झालं. पोरगं परत कुंपणाबाहेर. मोठं झालं, मशीनवर बसलं, आन् जल्मभर दुसऱ्याच्या पोरांचं खाकी शिवत राहिलं.

मग एकदा शाळेचं माणगावे सर मापं द्यायला आलं. म्हणाले, "अनंतराव, नुसते गणवेश काय शिवता? पथकात या की. मोठ्या माणसांनाही येता येतं. मला मदतनीस हवाच आहे." अनंताचा पाय मशीनवरच थांबला. डोळ्यांत पाणी आलं की हो त्याच्या! त्याच राती त्यानं दुकान आतनं बंद केलं आन् स्वतःच्या मापाचं खाकी बेतलं. दुहेरी शिवण. सगळं शिवलं, स्कार्फ तेवढा शिवला न्हाई. कारण स्कार्फ स्काऊटचं वचन घेतल्यावर सरांनी गळ्यात घालायचा असतोय. आन् मग डावा हात.

तुम्ही लोक डावा हात मिळवता न्हवं? आमच्या गावात डाव्या हातानं कुणी तांब्या बी पुढं करत न्हाई. मी पयल्यांदा बघितलं तवा सरांस्नी म्हटलं, ह्या पोरांस्नी घरी कुणी वळण लावलं न्हाई का? सर हसले. म्हणाले, "मावशी, ज्याच्यावर पूर्ण भरवसा, त्यालाच हा हात. वचनाच्या आधी कुणालाच नाही." अनंता शेजारीच उभा व्हता. आपल्या डाव्या हाताकडं बघत व्हता नुसता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं वचन व्हतं.

आन् आदल्या दिवशी त्यानं घोळ केला.

काय घोळ? खुणांचा. आज तुम्ही रानात खेळलासा तोच खेळ. एकानं पुढं जाऊन दगडांचं बाण मांडायचं, हिकडं वळा, तिकडं वळा, आन् शेवटाला गोल काढून मधी एक खडा ठेवायचा. त्याचा अर्थ काय? बोला की. हां! 'घरी गेलो.' पोरांनी खुणा वाचत वाचत तिथवर पोचायचं. आन् सगळ्यात मागं जो असंल त्यानं काय करायचं? एकूण एक खूण मोडत यायचं. दगड इस्कटायचं, गवताला गाठ मारली असंल तर सोडायची. का, तर मागनं येणारा भलत्या वाटेला लागू नये.

त्या दिवशी खुणा मांडल्या अनंतानं. देवळापासनं ओढ्यापर्यंत नऊ. आठ बाण आन् नववा गोल. शिंपी माणूस, हात नेटका. हरेक बाणाच्या टोकाला गवताची काडी घेऊन आपली एक गाठ मारली, टाका घातल्यावानी. पोरं म्हणाली, "मामा, खुणा झकास!" आन् सगळ्यात मागं बी तोच व्हता. पण मोडायला वाकला आन् हात हुईना. जल्मात पयल्यांदा स्वतःसाठी मांडलेलं, ते उसवायचं? म्हणाला, राहू दे, ह्या रानात वाचतंय कोण!

जेवायच्या येळी सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "अनंतराव, खुणा मोडल्या?"

"मोडल्या, सर."

सरांनी एकदा त्याच्याकडं बघितलं. "बरं," म्हणाले आन् ताटाकडं वळले.

एवढंच खोटं. तुम्ही दिवसातनं धा येळा बोलता असं. हसू नका, मला म्हाईत हाय. पण रातच्याला तंबूत पडल्यावर पोरं नियम घोकत व्हती. "स्काऊट विश्वसनीय असतो." शेजारच्या तंबूतनं परत तेच. अनंताला झोप यीना. सकाळी ह्याच तोंडानं वचन घ्यायचं आन् ह्याच हातात सरांचा डावा हात घ्यायचा! उठला. चुलीम्होरं माझ्याकडं आला.

"कोंडाक्का, बॅटरी दे जरा."

"कशाला रं? एवढ्या राती?"

मग सांगितलं त्यानं सगळं. मान खाली घालून. मी म्हटलं, "आरं, मग सरांस्नीच सांग की जाऊन. खातील का तुला?"

"सांगतो की. पण आधी मोडून येतो. म्हंजी खोटं ऱ्हाणारच न्हाई."

बघा माणसाचं डोकं कसं चालतंय! मी म्हटलं, "जा बाबा. पण ओढ्यापर्यंतच. पल्याड गवळणीच्या तळ्याकडं पाऊल टाकायचं न्हाई. तिथं चकवा हाय. वाट दावतो म्हणतोय आन् पाण्यात नेतोय." हो म्हणाला. अन् गेला. मी चुलीतली लाकडं ओढून तशीच बसून ऱ्हायले.

आता ऐका. काळोख असा, की बॅटरीपुढं चार हात दिसायचं, बाकी काय न्हाई. पयला बाण सापडला. लाथेनं दगड उडवलं, गाठ सोडली. दुसरा. तिसरा करवंदीच्या जाळीपाशी, तो बी मोडला. अनंताला बरं वाटाय लागलं. एकेक खूण मोडली की मनावरचा एकेक दगड उतरायचा. चौथा, पाचवा, सहावा. सातवा. आठवा. ओढा आला. ओढ्याच्या अल्याड नववी खूण, गोल. गोल पुसला, मधला खडा पाण्यात फेकला. डुबुक झालं. सुटलो, म्हणाला. हात झाडलं आन् मागं फिरला.

फिरता फिरता बॅटरीचा उजेड ओढ्याच्या पल्याड पडला. आन् तिथं एक बाण!

अनंता थांबला. आपण तर पल्याड गेलोच न्हवतो. नऊच मांडल्या व्हत्या. का धा? दमलोय, चुकलो असंन मोजायला. आता एक खूण ठेवून परत गेलो तर? मग परत तेच, मोडल्या म्हणायचं आन् एक तशीच! माझी ताकीद आठवली त्याला, न्हाई असं न्हाई. पण म्हणाला, हे तर चार पावलांवर हाय. ओढा ओलांडला.

वाकून बघितलं. तोच बाण. तीच गाठ. फकस्त गाठीचा फास उलटीकडनं घातलेला, आरशात बघून घातल्यावानी. आन् दगड ओलं. भवतीनं कोरडी माती, आन् दगड तेवढं थंडगार, निथळत असलेलं.

आता शाणा माणूस असता तर तिथनंच पळाला असता! हा शिंपी. त्यानं गाठ सोडली, दगड इस्कटलं. मान वर केली, तर पुढं आणखी एक. तो मोडला. पुढं आणखी एक. प्रत्येक बाण पयल्यापेक्षा नेटका. जे त्यानं दिवसभर रानात मांडून ठेवलं, ते कुणीतरी बसून शिकलं व्हतं. मागं वळून बघितलं तर ओढा कुठं? पाण्याचा आवाज न्हाई. देवळाचा दिवा न्हाई. चारी बाजूला नुसती झाडं.

आन् तेवढ्यात शिट्टी वाजली. बारीक बारीक, लागोपाठ. तुमची 'जमा व्हा'ची शिट्टी असती न्हवं? तीच. तळ्याच्या बाजूनं. आन् शिट्टीमागोमाग तिकडनंच पोराचा आवाज.

"मामाऽऽ... अनंतामामाऽऽ!"

अनंतानं बॅटरी आवाजाकडं फिरवली. "कोण हाय रं?" म्हणाला.

"मामा, आम्ही तुमच्या खुणा बघत आलो... वाट चुकली..."

संपलं! आता सांगा, कोण थांबंल? आपण न मोडलेल्या खुणांमागं पोरं रानात शिरली, हेच त्याच्या डोक्यात. आता बाण न्हाई, चकवा न्हाई, कोंडाक्का न्हाई. नुसता पळत सुटला. काटं लागलं, शर्ट फाटला, वहाण तुटली. "थांबा, आलो! हलू नका रं!" आवाज पुढंच. हा पळाला की आवाज आणखी पुढं. बॅटरी पिवळी पडली. मग तांबडी. मग गेली. माझी चांगली नव्या सेलांची बॅटरी, परवाच सेल घातलं व्हतं!

आन् बॅटरी गेली तसा पुढं उजेड दिसला. शेकोटी! झाडांच्या मधनं लालभडक. पोरं गाणं म्हणत्यात, टाळ्या पडत्यात. माझ्या पिठल्याचा वास बी आला म्हणं त्याला. अनंताला रडू फुटलं. आरं देवा, फिरून फिरून तळावरच आलो! पोरं हितंच हायती, सगळी धडधाकट. धापा टाकत जवळ गेला.

पोरं गोल करून बसली व्हती. ह्याच्याकडं पाठी करून. कुणी वळून बघितलं न्हाई. अनंता एका पोराच्या मागं जाऊन उभा राहिला. त्याच्या खांद्यावर हात ठेवायला वाकला आन् शिंप्याची नजर, आपसूक शिवणीवर गेली.

शिवण न्हवती.

खांद्याला न्हाई. बाहीला न्हाई. कॉलरला न्हाई. स्कार्फला दुमड न्हाई, टाका न्हाई. एका बी पोराच्या अंगावर एक बी टाका न्हाई! सगळं खाकी नुसतं अंगावर उगवल्यागत.

हात तसाच हवेत राहिला. आन् शेकोटीच्या पल्याडनं कुणीतरी उठलं. उंच, चष्मा, डोक्यावर टोपी. माणगावे सर. हुबेहूब. हसत जवळ आले. एका हातात नवाकोरा स्कार्फ.

"या अनंतराव. तुमचीच वाट बघत होतो. सकाळपर्यंत कशाला थांबायचं?"

आन् डावा हात पुढं केला.

पोरांनो, तीस वर्सं. तीस वर्सं हा माणूस त्या हातासाठी झुरला व्हता. कुंपणाबाहेर उभा राहून बघितला व्हता तो हात. तो आज समोर आला. अनंताचा हात त्याला न विचारता वर गेला. गेला, गेला, चार बोटांवर येऊन थांबला. शिवणीचं त्यानं बघितलं व्हतं, कळत व्हतं कायतरी वाकडं हाय, पण मन म्हणत व्हतं घे. घे रं. त्याला थांबवलं ते त्या खोट्यानं. तो हात घ्यायची आपली लायकीच न्हाई, असं वाटलं त्याला. आन् तोंडातनं निघून गेलं.

"सर, मी खोटं बोललो. खुणा मोडल्या न्हवत्या मी."

सर हसले. "त्यात काय एवढं, अनंतराव? चालतं. कुणाला कळतंय?"

ऐकलं का? माणगावे सर! पोरगं रुमाल विसरलं तर त्याला माळाला फेरी मारायला लावणारं माणगावे सर म्हणत्यात, चालतं, कुणाला कळतंय! अनंतानं हात असा मागं ओढला, जसा तव्यावरनं. ह्ये सर न्हवंत. कोण का असंना, सर न्हवंत.

"न्हाई," म्हणाला. "मला न्हाई पायजे."

गाणं थांबलं. टाळ्या थांबल्या. सगळ्या पोरांनी एकदम माना वळवल्या. आन् तोंडं? तोंडं सांगत न्हाई मी. अनंतानं बी मला कधी सांगितली न्हाईत. तेवढं विचारलं की मशीन जोरात चालवतोय, अजून बी.

शेकोटी विझली. फुस्स न्हाई, काय न्हाई, नुसती न्हवतीच. अनंताला पायाला गार लागलं. गुडघ्याला गार. मांडीला गार. गवळणीच्या तळ्यात उभा व्हता तो, छातीभर पाण्याच्या दोन पावलं अलीकडं! खाली गाळ, पाय रुतलेला. पुढं धरण्यासारखं काय न्हाई. आन् त्या काळ्या पाण्यात, समोर, तो डावा हात अजून तसाच पुढं केलेला.

तिकडं मी काय केलं म्हणता? मी तासभर वाट बघितली आन् सरांच्या तंबूचा पडदा ओढला. म्हटलं, "सर, उठा, अनंता गेला." सरांनी कंदील घेतला, ती तुमची लांब काठी घेतली, आन् आम्ही दोघं पळालो. ओढ्यापाशी आल्यावर सरांनी शिट्टी वाजवली. वाजवत वाजवत तळ्याकडं गेलो. मोडलेल्या बाणांची माती उकरलेली दिसत व्हती, त्याच्या मागं मागं.

कंदिलाच्या उजेडात दिसला आम्हाला. पाठमोरा, पाण्यात. सर ओरडले, "अनंतराव! मागे या!"

तो हललाच न्हाई. कसा हलंल? शिट्टी ऐकून फसलेला, आवाज ऐकून फसलेला. तसाच ओरडला, मागं न बघता. आवाज फाटला व्हता त्याचा. "सर, मी खुणा मोडल्या न्हवत्या! खोटं बोललो मी!"

सरांनी कंदील वर धरला. मग सर म्हणाले, त्यांच्या त्या कडक आवाजात, "माहीत आहे मला. संध्याकाळी पाचवी खूण मी स्वतः पाहिली. तुम्ही केव्हा सांगता याची वाट बघत होतो. आता बाहेर या. आणि उद्या तुम्हाला वचन मिळणार नाही."

आन् अनंता हुंदके देऊन रडाय लागला, पोरांनो! आनंदानं! वचन मिळणार न्हाई म्हटल्यावर माणूस आनंदानं रडलेला मी तेवढाच बघितला. कारण असं बोलणारं माणगावे सर जगात एकच. त्यानं पाय उपसला आन् आवाजाच्या दिशेनं वळला. सरांनी काठी पुढं केली. हात न्हाई, काठी. त्यानं ती धरली आन् आम्ही दोघांनी त्याला गाळातनं ओढून काढलं. पायावर, घोट्याच्या वर, पाच बोटांचा वळ उठला व्हता. डाव्या हाताचा. अंगठा बघून मी सांगते.

सकाळी पोरांची वचनं झाली. अनंता गळ्यात स्कार्फ नसताना तसाच झेंड्याची दोरी धरून उभा व्हता. मग उन्हं चढल्यावर सर आन् आम्ही सगळी रानात गेलो. ओढ्याच्या पल्याड, राती अनंतानं इस्कटलेलं बाण परत मांडलेलं! सगळं! भर उन्हात दगड ओलं. सर भूतबीत मानत न्हवते बरं का. पण त्यांनी स्वतः वाकून एकेक बाण मोडला. तळ्याच्या काठापर्यंत. आन् काठावर शेवटची खूण व्हती. गोल. मधी एक खडा. अनंतानं राती ओढ्यात फेकलेला, पांढरी रेघ असलेला, तोच.

'घरी गेलो.'

कोण घरी गेलं? कुठल्या घरी? कुणी म्हणतं फार वर्सांमागं एक वाटसरू तळ्यात गेला, त्याला घर गावलंच न्हाई. मी काय विचारायला गेले न्हाई. सरांनी त्या खुणेकडं हात नेला आन् परत घेतला. म्हणाले, "ही राहू दे. ही आपण मांडलेली नाही." आन् सगळ्यांस्नी घेऊन माघारी आले.

पुढच्या वर्सी अनंताला वचन मिळालं. सरांनी डावा हात दिला. अनंतानं आधी तो नीट बघितला, मग धरला, आन् मग माझ्याकडं बघून म्हणाला, "कोंडाक्का, गरम हाय." तवापासनं दर वर्सी तळावर येत व्हता, गुडघं धरलं तोपर्यंत. आन् तुमच्या स्कार्फला दुहेरी दुमड घालतोय ती का, ते आता समजलं न्हवं? चाचपून बघा. शेजारच्याचा बी बघा. हाय न्हवं शिवण? हां. मग भ्यायचं काम न्हाई.

पण ओढ्याच्या पल्याडची वाट आपली न्हाई. दिवसा न्हाई, राती तर न्हाईच. कुणी शिट्टी मारली, कुणी नाव घेतलं, माझ्या पिठल्याचा वास आला, तरी बी न्हाई. पिठलं हितं शिजतंय, तिकडं न्हाई.

आता एक सांगा मला. आज दुपारी तुम्ही खुणा मांडल्या रानात. शेवटाला कोण व्हतं?

एकमेकाकडं काय बघताय? मोडल्या का न्हाई मोडल्या?

...कोण? तू व्हय गं? बरं. बरं, रडू नकोस. सांगितलंस ते लई चांगलं केलंस, आत्ता सांगितल्याला काय हुईत न्हाई. ये, हिकडं ये, माझ्या पदराखाली बस. उद्या ऊन पडलं की आपण सगळी जाऊ आन् मोडून येऊ. आज कुणी जागचं हलायचं न्हाई.

आन् ती शिट्टी कोण वाजवतंय रं मघाधरनं? तुमचं सर तर हितं बसल्यात.